सुकेळीच्या वाळवणीसाठी लाकडाचा बंब व विजेचा हीटर : एका थर्मोस्टॅटवर दोघांची जोडणी

वसईच्या पट्ट्यात आगाशी, बोळिंज, नंदाखाल, निर्मळ या गावांच्या वाड्यांतील राजेळी केळी आणि तिच्यापासून होणारी सुकेळी यांची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. इंग्रजी अमदानीतल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही आगाशीच्या सुकवलेल्या केळ्यांची नोंद आहे. वाड्यांचे क्षेत्र घटले, इमारती उभ्या राहिल्या, तरी चांगल्या सुकेळीला आजही घरबसल्या गिऱ्हाईक मिळते. अडचण आहे ती वाळवणीची.

पिकलेली राजेळी सोलून मांडवावर घातली की पाच ते सात दिवस कडक ऊन लागते. हे दिवस सलग मिळतीलच याचा भरवसा आता राहिलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने ऐन हिवाळ्यात पाऊस आणला. १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा तसाच अवकाळी पाऊस झाला. तौक्ते वादळाने तर १७ मे २०२१ रोजी उभ्या केळीच आडव्या केल्या. चौथ्या दिवशी मांडवावरचा माल भिजला किंवा नुसते दोन दिवस मळभ राहिले, तरी केळ्यावर बुरशी धरते आणि तोवरची सगळी मेहनत वाया जाते. पाऊस नसला तरी किनाऱ्यावरची रात्रीची दमट हवा दिवसा गेलेला ओलावा थोडाफार परत आणतेच.

यासाठी अनेक बागायतदारांनी वाळवणीची छोटी खोली बांधली आहे किंवा बांधण्याचा विचार चालविला आहे. दिवसा ऊन, रात्री व ढगाळ दिवशी लाकडाची उष्णता, आणि लाकूड विझले तर विजेचा हीटर, अशी तिहेरी व्यवस्था खर्चाच्या दृष्टीने उत्तम ठरते. मात्र लाकूड आणि वीज यांची सांगड नीट घातली नाही तर दोन्हींचा खर्च अंगावर येतो. ही सांगड थर्मोस्टॅट घालतो. ती कशी, हे या लेखात पाहू.

किती उष्णता लागते?

आधी हिशेब करू, म्हणजे यंत्राचा आकार अंदाजाने ठरवावा लागणार नाही. सोललेल्या १०० किलो पक्व केळ्यांत साधारण ७० किलो पाणी व ३० किलो घन पदार्थ असतो, असे धरू. सुकेळीत २० टक्के ओलावा ठेवायचा तर तयार माल सुमारे साडेसदतीस किलो होईल. म्हणजे साडेबासष्ट किलो पाणी हवेत घालवायचे आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. त्या हिशेबाने ही उष्णता ४२ युनिटांच्या घरात जाते. पण खोलीच्या भिंती, बाहेर जाणारी गरम हवा, ट्रे तापणे यात बरीच उष्णता जाते. साध्या बांधणीच्या खोलीत दिलेल्या उष्णतेपैकी ४० टक्के कामी आली तरी समाधान मानावे. म्हणजे एका घाण्याला सुमारे १०४ युनिट उष्णता द्यावी लागते. वाळवण ३६ ते ४० तास चालली तर सरासरी पावणेतीन किलोवॅट होतात. म्हणून १०० किलोच्या खोलीला ३ किलोवॅटचा हीटर पुरेसा आहे. दुकानदाराने सहा किलोवॅटचा सुचवला तरी घेऊ नये.

हीच उष्णता सर्वस्वी लाकडातून घ्यायची तर? वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे चार युनिट उष्णता असते. साधा बंब त्यातली निम्मी पाण्याला देतो. म्हणजे एका घाण्याला ५० ते ५५ किलो लाकूड. वाडीतील नारळाच्या झावळ्या, पोय, करवंट्या, आंब्याची व सुरूची छाटणी यांत हे सहज भागते. याउलट सगळा घाणा विजेवर काढला तर शंभराहून अधिक युनिट जळतील. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे, म्हणजे हीटर हा केवळ राखीव गडी का असावा ते कळेल.

बंब बाहेर, उष्णता आत

धुराची हवा थेट केळ्यावर सोडणे कटाक्षाने टाळावे. सुकेळीला धुराचा वास लागला की गिऱ्हाईक परत येत नाही, आणि राख बसते ती वेगळीच. यासाठी भट्टी खोलीबाहेर ठेवावी आणि तिच्यातील उष्णता पाण्याच्या मार्फत आत न्यावी. आपल्या घरी आंघोळीचे पाणी तापविण्याचा बंब असतो, त्याचाच हा मोठा भाऊ समजावा. भोवती ५०० लिटर पाण्याची टाकी, तिला चांगले उष्णतारोधक आवरण, टाकीच्या वरच्या भागातून गरम पाण्याचा पाइप, खोलीत मोटारीच्या रेडिएटरसारखी तांब्याच्या नळ्यांची कॉईल, आणि तिच्यातून फिरून परत टाकीच्या तळाशी येणारा पाइप. पाणी फिरविण्यासाठी एक लहान पंप लागतो. तो गरम पाण्यासाठी बनविलेलाच घ्यावा. घरगुती पाण्याचा साधा पंप ८० अंशाच्या पाण्यात फार काळ टिकत नाही.

टाकी मोठी का, असे विचाराल. ५०० लिटर पाणी ८५ अंश सेल्सिअसवरून ६८ अंशापर्यंत उतरताना जवळजवळ १० युनिट उष्णता देते. म्हणजे तीन किलोवॅटच्या मागणीला तीन तास. वाळवण निम्म्यावर आली की मागणी कमी होते आणि तेच पाणी आणखी पुरते. टाकी लहान असेल तर दर तासाला उठून लाकूड घालावे लागेल.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. टाकीच्या माथ्यावरची वाफेची नळी कायम उघडी असावी. तिला झडप, बूच, काहीही लावू नये. बंद टाकीत पाणी उकळले तर ती फुटते, आणि अशा वेळी जवळ उभ्या माणसाची गय होत नाही. टाकीत विहिरीचे मचूळ पाणी न भरता पावसाचे साठविलेले किंवा गोडे पाणी भरावे. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींना खारेपणा आहे. त्याने कॉईलमध्ये क्षार धरतो आणि पत्रा गंजतो.

थर्मोस्टॅट म्हणजे काय?

इस्त्री आणि गीझर यांत तो असतोच. ठरविलेल्या तापमानाला विजेचा मार्ग उघडणारे किंवा जोडणारे हे बटण आहे. आपल्या कामासाठी लांब तांब्याच्या केशनळीच्या टोकाला फुगा असलेला प्रकार सोयीचा पडतो, कारण फुगा गरम जागी आणि बटण लांब कोरड्या पेटीत ठेवता येते. काही थर्मोस्टॅटना दोन टोके असतात. काहींना तीन. तीन टोकांच्या प्रकारात एक सामाईक टोक, एक थंड असताना जोडलेले टोक आणि एक गरम झाल्यावर जोडले जाणारे टोक असते. आपल्याला पाण्यासाठी हा तीन टोकांचा हवा आहे.

टोकांवरील आकडे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने घालते. त्यावर विसंबू नये. मल्टिमीटर घ्यावा, फुगा आधी साध्या पाण्यात व मग कढत पाण्यात बुडवावा आणि कोणते टोक केव्हा जोडले जाते ते स्वतः पाहून कागदी चिठ्ठ्या चिकटवाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

जोडणीचा विचार

पुष्कळ ठिकाणी दिसणारी सोपी पद्धत अशी : खोलीत दोन थर्मोस्टॅट. पहिला ५८ अंशाला लावलेला, तो पंप चालवितो. दुसरा ५४ अंशाला लावलेला, तो हीटर चालवितो. लाकूड विझले की खोली थंड होत जाते, ५४ अंशाला हीटर लागतो. कागदावर हे ठीक वाटते. पण खोली ५८ अंशाखाली असल्याने पंप मात्र चालूच राहतो. बंबातील पाणी आता थंड होत चाललेले. ते कॉईलमधून फिरते, खोलीतील हवेची उष्णता शोषून घेते आणि बाहेरच्या बंबाला नेऊन देते. थोडक्यात, विजेवर आपण बाहेरचा बंब तापवीत बसतो. सकाळी माल ओलसर आणि मीटर पुढे गेलेला.

म्हणून दोघांपैकी एकच चालेल अशी जोडणी करावी. क्रम असा : पेटीतील ६ अँपियरच्या एम.सी.बी.मधून निघालेली फेज वायर प्रथम पंख्याच्या हवेवर चालणाऱ्या झडपेच्या स्विचमधून न्यावी. तेथून खोलीच्या थर्मोस्टॅटमध्ये, जो तापमान वाढल्यावर उघडतो. त्यातून बाहेर पडलेली वायर पाण्याच्या थर्मोस्टॅटच्या सामाईक टोकाला. आता इथे फाटा फुटतो. गरम टोकावरून वायर पंपाला जाते. थंड टोकावरून वायर सुरक्षा थर्मोस्टॅटमधून हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉईलला जाते. पंप व कॉन्टॅक्टर यांची दुसरी टोके न्यूट्रलला. बस्स, एवढेच.

हे वाचून पाहा. खोली तापलेली आहे, तर खोलीचा थर्मोस्टॅट उघडा, म्हणून पंपही बंद, हीटरही बंद. खोलीला उष्णता हवी आहे आणि पाणी गरम आहे, तर फक्त पंप. खोलीला उष्णता हवी आहे पण पाणी थंड पडले आहे, तर फक्त हीटर, आणि पंप आपोआप थांबलेला. पंखा बंद पडला तर काहीच चालणार नाही. पाण्याचा थर्मोस्टॅट ६८ अंशाला लावावा. अशा थर्मोस्टॅटमध्ये जोडण्या-तुटण्यात काही अंशांचे अंतर असते, ते आपल्या फायद्याचे आहे. त्यामुळे पाणी सीमारेषेवर असताना पंप आणि हीटर यांची चालू-बंद अशी टकटक होत नाही.

फुगा कोठे बसवावा?

या पट्ट्यातील एका वाडीवर गेल्या हिवाळ्यात मला बोलावणे आले. बंब रसरसलेला, टाकीला हात लावता येत नाही, आणि तरीही हीटर रात्रभर चालू. तारा तपासल्या, सगळ्या बरोबर. दोष निघाला तो फुग्याच्या जागेत. तो खोलीजवळच्या पाइपावर बांधला होता. खोली तापली, पंप थांबला, की पाइपातील उभे पाणी निवते. पुन्हा खोलीने उष्णता मागितली त्या क्षणी फुग्याला पाइप थंड लागतो, तो हीटरला बोलावतो, पंप सुरू होत नाही, आणि पंप सुरू होत नाही म्हणून पाइप कधीच तापत नाही. टाकीत उष्णता पडून राहिली आणि बिल मात्र विजेचे. फुगा टाकीच्या वरच्या भागात खास खोबणीत बसविताच काम सुरळीत झाले. पाण्याच्या थर्मोस्टॅटचा फुगा टाकीतच असावा, पाइपावर नव्हे, हे म्हणूनच आवर्जून सांगत आहे.

खोलीचा फुगा ट्रेमध्ये शिरणाऱ्या हवेत टांगावा. भिंतीला टेकवू नये, हीटरच्या समोर उघडा ठेवू नये. हवेच्या मार्गात आधी पंखा, मग पाण्याची कॉईल, मग हीटर असा क्रम ठेवावा. क्रम उलटा केला तर हीटरची हवा कॉईलमधील पाण्यावर जाऊन वाया जाते. बंबाची पातळी कॉईलपेक्षा वर असेल तर पंप बंद असतानाही कॉईलमधील ऊन पाणी आपोआप वर चढून बंबाकडे जाते. तसे असल्यास पाइपावर उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व बसवावा.

हीटर, तारा आणि सुरक्षितता

३ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टला १३ अँपियर घेतो. हा प्रवाह थर्मोस्टॅटमधून थेट नेऊ नये. त्यावर १६ अँपियर असे छापलेले असले तरी रोजच्या चालू-बंदीत त्याची टोके जळतात, कधी चिकटतात, आणि चिकटली तर हीटर बंदच होत नाही. थर्मोस्टॅटने फक्त कॉन्टॅक्टरची कॉईल चालवावी आणि हीटरचा भार २५ अँपियरच्या कॉन्टॅक्टरने उचलावा. हीटरसाठी स्वतंत्र १६ अँपियर एम.सी.बी. आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. मीटरपासून खोली लांब असल्यास ४ चौरस मिलिमीटरची. खोलीच्या आत हीटरच्या टोकांपाशी साधी पी.व्ही.सी. वायर चालत नाही. तिचे आवरण ७० अंशापलीकडे टिकत नाही. तेथे सिलिकॉन किंवा काचतंतूच्या आवरणाची वायर वापरावी. हीटर हवेसाठी बनविलेला, पंख असलेला घ्यावा. गीझरचा पाण्यातील रॉड हवेत चालविला तर काही वेळातच जळतो.

वर सांगितलेला सुरक्षा थर्मोस्टॅट हाताने पूर्ववत करावा लागणारा असावा आणि तो हीटरच्या लगेच पुढे ८५ अंशाला लावावा. तो उडाला तर कारण शोधल्याशिवाय पुन्हा दाबू नये. पंख्याच्या झडपेच्या स्विचऐवजी काही वायरमन पंख्याच्या कॉन्टॅक्टरचा जादा संपर्क वापरतात. स्वस्त पडते खरे, पण पट्टा तुटला आणि मोटार नुसतीच फिरत राहिली तर त्याला ते कळत नाही. थ्री फेज जोडणी असल्यास पंखा आणि नियंत्रणाची वायर एकाच फेजवर ठेवावी, म्हणजे ती फेज गेली की हीटरही जातो. ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. आणि पंखा, ट्रेची चौकट, टाकी, पंप या सर्वांना अर्थिंग, यात काटकसर नको. केळी सोलणाऱ्या बायामाणसांचे हात ओले असतात. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आपण लेख दाखवावा आणि क्रम समजावून द्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर अशी खोली चालविण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी, कारण प्रक्रियेच्या वापराचा दरवर्ग वेगळा असतो.

वीज गेली तर?

पंखा आणि पंप थांबतात, पण लाकूड थांबत नाही. म्हणून भट्टीला नैसर्गिक ओढ न ठेवता हवेचे दार बंद ठेवावे व छोट्या ब्लोअरने हवा द्यावी. हा ब्लोअर टाकीवरील वेगळ्या थर्मोस्टॅटवर ८५ अंशाला बंद व्हावा. वीज गेली की ब्लोअरही जातो आणि आग मंदावते. उरलेली उष्णता पाणी थोडे उकळून उघड्या नळीवाटे निघून जाते. लाकूड संपल्यावर मात्र ब्लोअर हाताने बंद करावा, नाहीतर तो थंड हवेने बंब निववीत राहील. भट्टी फार वेळ कोंडून ठेवल्यास धुराड्यात डांबर जमते. म्हणून एकदम पोटभर लाकूड कोंबण्यापेक्षा बेताचे, पण कोरडे लाकूड घालून जोमाने जाळावे आणि उष्णता पाण्यात साठवावी. रंग दिलेले लाकूड व प्लायवूड जाळू नये. सरपणासाठी झाड तोडायचे असल्यास महापालिका हद्दीत परवानगी लागते, हे लक्षात असू द्यावे. छाटणीवर भागते तोवर त्या वाटेला जाऊच नये.

दोन छोट्या सोयी सुचवितो. पंपाला समांतर हिरवा दिवा आणि हीटरच्या कॉन्टॅक्टरला समांतर लाल दिवा लावावा. लाल दिव्याबरोबर एक लहान घंटा घराच्या पडवीत न्यावी, तिला स्वतंत्र बटण द्यावे. घंटा वाजली म्हणजे लाकूड विझले. उठून दोन ओंडके घालायचे की बटण बंद करून विजेवर झोपायचे, हे त्या रात्रीच्या थंडीवर आणि आपल्या अंगातील कंटाळ्यावर सोडावे. दुसरी सोय म्हणजे हीटरच्या वायरीवर एक साधा स्विच. संध्याकाळी बंब पेटवितेवेळी पाणी थंडच असते, त्यामुळे हीटर लगेच सुरू होईल. पाणी तापेपर्यंत तो स्विच बंद ठेवावा आणि झोपण्यापूर्वी आठवणीने चालू करावा.

तापमान किती ठेवावे?

राजेळीसाठी ५५ ते ६० अंश योग्य. लवकर आटोपावे म्हणून ७० अंशावर नेले तर वरची कातडी घट्ट होते, आतला ओलावा अडकतो, आणि तयार दिसणारी सुकेळी बांधून ठेवल्यावर आतून आंबते किंवा बुरशी धरते. रंगही काळपट येतो. सुरुवातीला ओलावा भरपूर निघतो तेव्हा बाहेर जाणाऱ्या हवेची खिडकी अधिक उघडी ठेवावी. पुढे ती कमी करावी, म्हणजे उष्णता वाचते. केळी दर सहा ते आठ तासांनी उलटावी आणि ट्रेंची जागा बदलावी. वाळल्यावर लगेच पानात न गुंडाळता एक दिवस झाकलेल्या डब्यात ठेवावी. त्यात आतला-बाहेरचा ओलावा सारखा होतो. काही नग मऊ लागल्यास तेवढेच पुन्हा खोलीत घालावे.

माल घालण्यापूर्वी रिकाम्या खोलीत एक रात्र चाचणी घ्यावी. बंब ८५ अंशाला आणावा, हिरवा दिवा लागतो का पाहावे. मग लाकूड घालणे थांबवून पाणी उतरू द्यावे. ६८ अंशाच्या आसपास हिरवा जाऊन लाल आला पाहिजे. दोन्ही दिवे एकदम लागले तर पाण्याच्या थर्मोस्टॅटची टोके चुकली आहेत. लाल असताना पंख्याचा स्विच बंद करावा, लाल दिवा तत्काळ विझला पाहिजे. तो विझला नाही तर माल घालू नये, वायरमनला परत बोलवावे. हंगाम संपल्यावर टाकीतील पाणी पूर्ण काढावे, धुराडे घासावे, आणि फुगे खोबणीतून काढून कोरड्या जागी ठेवावेत. केशनळी एकदा मुडपली की थर्मोस्टॅट निकामी होतो, म्हणून ती गुंडाळताना मोठ्या वेटोळ्यात गुंडाळावी.